थकलेल्या नळीचा आकडा

विशाखाचं पत्र येऊन चौदा महिने झाले होते आणि भगवंतरावांनी त्याला उत्तर पाठवलं नव्हतं.

लिहिलं नव्हतं असं नाही. सहा वेळा लिहिलं होतं. पहिल्या खेपेला वाटलं, आपण उगाच मोठेपणा मिरवतोय. दुसऱ्या खेपेला ते रडगाणं वाटलं. तिसऱ्या खेपेला एका शब्दाबद्दल शंका आली म्हणून त्यांनी शब्दकोश उघडला, आणि त्यात असे रमले की दिवेलागण झाली. उरलेल्या तीन खेपांचं काय झालं ते त्यांनाही आठवत नव्हतं. एकाहत्तर वर्षांचा, एकटा, सुरतेच्या डिंडोलीतल्या दोन खोल्यांत पुस्तकांच्या ढिगात राहणारा हा माणूस. शेजारी वाटीभर साखर मागायची तरी आधी मनात चार वाक्यं जुळवून पाहणारा. त्याच्याकडून पत्रोत्तर म्हणजे जरा अवघडच काम होतं.

पत्र मोठं नव्हतं. भगवंतरावांनी तीस वर्षं सुरतेतल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात आधी एक्स-रे आणि मग सीटी स्कॅनचं मशीन चालवलं होतं, आणि संध्याकाळी तंत्रज्ञांचा वर्ग घेतला होता. विशाखा त्या वर्गातली. आता ती बडोद्याला किरणांच्या सुरक्षिततेचं काम बघत होती. तिने लिहिलं होतं:

"आदरणीय सर, सविनय जय भीम. कामानिमित्त सुरतेतल्या चार सेंटरमध्ये जाऊन आले. डोक्याला मार लागलेल्या पेशंटच्या सीटीला चारही ठिकाणी किरणांचा एकच आकडा लावतात, चारशे. लहान मुलांनासुद्धा. मशीन वेगवेगळी, आकडा मात्र तोच. कुठून आला विचारलं तर सगळे म्हणतात, भगवंत सरांच्या वहीतला. सर, हा आकडा तुम्ही कशावरून घेतला? एका स्कॅनने कॅन्सरचा धोका फार थोडा वाढतो हे खरं. पण पोरांना तो मोठ्यांपेक्षा जास्त, आणि त्यांचं अख्खं आयुष्य पुढे पडलेलं. गरजेच्या दुप्पट किरणं त्यांना का द्यायची? मी सांगितलं की म्हणतात, सरांपेक्षा शहाणी झालीस का? तुम्ही दोन ओळी लिहिल्यात तर ऐकतील."

खरी गोष्ट अशी की चारशे कुठून आला ते भगवंतरावांना आठवत नव्हतं. वही माळ्यावरच्या ट्रंकेत होती. शिडी लावून ती काढायची, की झालं. पण आज गुडघा दुखतोय, उद्या ऊन फार आहे, असं करत त्यांनी ट्रंकेला हात लावला नाही. कधी पत्राचा रागही यायचा. 'कशावरून घेतला' म्हणजे काय? चोरून आणलाय का? मग रागाची लाज वाटायची, आणि पत्र परत शब्दकोशात जायचं.

मे महिन्यातली दुपार होती. तीनच्या सुमाराला दार जोरजोरात वाजलं.

दारात शेजारची चंचल उभी होती. खांद्यावर तिची चार वर्षांची चैताली, मान टाकलेली, फ्रॉक उलटीने भिजलेला.

"बाबा, पोरगी जिनावरथून पडनी," चंचल धापा टाकत म्हणाली. "तीन दाव उलटी व्हयनी. झोपी झोपी जास. दवाखानावाला म्हनतस डोकाना फोटो काढा. हाई तं पलसाणाले, फोनबी उचलत नही. तुम्ही चाला ना संगे."

'हाई' म्हणजे तिचा नवरा सुपडू, पलसाण्याच्या डाइंग मिलमध्ये पाळीवर. घर खानदेशातलं, चाळीसगावकडचं. भगवंतरावांचे वडीलही तिकडूनच गिरणीत नोकरीला आलेले. भगवंतरावांनी चष्मा शोधला, तो डोळ्यांवरच होता. पायात चपला सरकवून ते रिक्षात बसले.

"बाबा, त्या मशीनमा पोरले काही व्हनार तं नही ना?"

"नाही गं. पाच मिनिटांचं काम. दुखतसुद्धा नाही."

"तुम्ही तीस वरीस तेच करं. तुम्हले माहीत." आणि तिने पोरीला जरा निर्धास्तपणे छातीशी धरलं.

पुलापलीकडच्या खासगी दवाखान्यात वरच्या मजल्यावर डॉक्टरांनी पोरीला तपासून स्कॅनची चिठ्ठी दिली; सीटीची खोली तळमजल्यावर होती. काचेआडून एक दाढीवाला माणूस उठला आणि दोन्ही हात पसरून बाहेर आला.

"अरे सर! आवो आवो! माझे तर नशीब उघडले आज!" हा ललित, दहा-बारा वर्षांमागचा त्यांचा विद्यार्थी. जन्म सुरतेचा, त्यामुळे बोलताना मराठी आणि गुजराती एकमेकांच्या अंगावर पडायच्या. "ही तुमची नात के?"

"शेजारची. उलट्या झाल्यात तीन. गुंगी आहे."

"मग स्कॅन पाहिजेच. डॉक्टर कुंदनभाईंनी लिहिलेच आहे. टेन्शन नका घेऊ, बेन. सरांच्या हाताखाली शिकलोय. तुम्ही बाहेर बसा."

चंचल बाहेर बाकड्यावर बसली. ललितने चैतालीला टेबलावर झोपवलं, कपाळावरून पट्टा आवळला, आणि भगवंतरावांना आग्रहाने आत, काचेमागे, स्वतःच्या खुर्चीत बसवलं.

"हे पाहिले का सर?"

मॉनिटरच्या वर भिंतीला एक कार्ड लावलेलं होतं. प्लॅस्टिकमध्ये गच्च बसवलेली झेरॉक्स. अक्षर भगवंतरावांचं. एका पानावर आखलेला तक्ता, छाती, पोट, पाठ, आणि सगळ्यात खाली: 'डोके, मार लागलेला. ४००. कमी करू नये.' कार्डाच्या कपाळावर कुंकवाचा जुना डाग होता.

"दर दसऱ्याला मशीनला हार आणि या कार्डाला कुंकू," ललित कौतुकाने म्हणाला. "तुमचा फोटो मिळाला असता तर तोच लावला असता. नाही मिळाला, वाचलात!" आणि स्वतःच हसला.

भगवंतरावांना हसू आलं नाही. मॉनिटरवर एक चौकट उघडली होती. मशीन नवीन होतं. त्याने पोरीचं वय वाचून स्वतःहून लहान मुलांचा तक्ता पुढे केला होता, आकडा दीडशेच्या आसपास. ललितने सवयीच्या बोटाने ती चौकट बंद केली, रकान्यात चारशे लिहिलं, आणि किरणं सोडणाऱ्या नळीचा फेरा सावकाश ठेवला.

"ते का बंद केलंस?" भगवंतरावांनी विचारलं. विचारलं म्हणजे पुटपुटले.

"ते कंपनीवाल्यांचे डोके, सर. इमेज दाणेदार येते. तुमच्या नंबरवर एकदम आरशासारखी. इथे वरून खाली सगळे तुमच्याच नंबरवर."

बटण दाबलं गेलं. मशीनचं कडं घरघरू लागलं. सावकाश फिरणाऱ्या नळीच्या आवाजाने गुंगीतली पोर दचकली, "मायऽ" म्हणून तिने मान हिसडली. पडद्यावर चित्रं उमटत गेली. खालची ठीक होती. वरच्या अर्ध्या भागात कवटी दुहेरी दिसत होती, एकावर एक ठेवलेल्या दोन वाट्यांसारखी.

"हलली. हरकत नाही. फरी लई लइए, परत घेऊ, पूर्ण," ललित म्हणाला.

त्या क्षणी, चित्रांच्या शेवटी, मशीनने स्वतःचा हिशेब मांडणारं एक पान दाखवलं. किती किरणं दिली त्याचं पान. चारशे हा मशीनला लावलेला आकडा, हे डोक्याला प्रत्यक्ष मिळालेल्या किरणांचं माप: चौऱ्याहत्तर. भगवंतराव हल्ली वाचायचे, मशीनवर बसत नव्हते तरी. विशाखाचं पत्र आल्यापासून चोरून जास्तच वाचायचे. चार वर्षांच्या पोरीला तीस, फार तर पस्तीस पुरे, हे त्यांना ठाऊक होतं. आणि हे एका फेरीचे चौऱ्याहत्तर. आता दुसरी फेरी.

ललितने ते पान पुसून टाकलं.

"ते... ते ठेवत नाहीस?"

"फिल्मवर जागा खाते ना, सर." ललितने त्यांच्याकडे जरा नवलाने पाहिलं. "तुम्हीच शिकवलेले. पहिल्याच आठवड्यात."

भगवंतराव पुसलेल्या पडद्याकडे बघत राहिले. त्यांनी खरंच शिकवलं होतं. फिल्म महाग होती, पान पुसा, एवढंच ते म्हणाले होते. म्हणताना त्यांना स्वतःचा आवाजसुद्धा आठवला. काचेपलीकडे चैताली डोळे उघडून छताकडे बघत होती. ललितचं बोट बटणाकडे निघालं.

बोलायचं होतं. मनात नेहमीसारखी वाक्यं जुळू लागली: तुझं काम आहे, मी पाहुणा, मी म्हातारा, आता पद्धती बदलल्या असतील, डॉक्टरांना विचारून बघ.

"थांब!"

आवाज इतका मोठा निघाला की ललितचं बोट हवेतच राहिलं आणि बाहेर चंचल बाकड्यावरून उठून उभी राहिली.

"काय झाले, सर? बरे वाटत नाही का?"

"त्या आकड्यावर नको घेऊस."

"पण हा तुमचाच..."

"माझाच आहे. म्हणूनच सांगतो. मशीनने दाखवलेला लहान मुलांचा तक्ता लाव. फेरा जलद कर, म्हणजे तिने हलायच्या आत होईल. खालचा भाग चांगला आलाय, तो परत नको. फक्त वरचा घे. आणि आईला लेड ॲप्रन घालून आत उभी कर. हात धरला की पोर हलत नाही."

ललितने कार्डाकडे पाहिलं, मग सरांकडे. कुणावर विश्वास ठेवावा हे त्याला कळेना. "इमेज दाणेदार आली तर कुंदनभाई माझे तेल काढतील."

"मी इथेच बसलोय. माझं काढू दे."

चंचलला किरणं अडवणारा तो जड ॲप्रन घातला. तो तिला गुडघ्यांच्या खाली गेला. तिने पोरीचा हात धरला आणि अहिराणीत काहीबाही पुटपुटत राहिली, आंब्याचं, मामाच्या गावाचं. नळी दोनदा-तीनदा गरकन फिरली. संपलंसुद्धा.

शेवटचं पान या खेपेला भगवंतरावांनी पुसू दिलं नाही. एकोणतीस.

डॉक्टर कुंदन वरच्या मजल्यावरून उतरून आले. तिशीचा पोरगेला माणूस, खिशात तीन पेनं. पडद्यावर वाकून त्यांनी एकेक चित्र सरकवलं.

"थोडंसं दाणेदार छे," ते म्हणाले. "पण चालशे. ब्लीडिंग नथी, फ्रॅक्चर पण नथी. ॲडमिट करून नजर ठेवू."

"म्हणजे हे पुरले?" ललितने विचारलं.

"पुरेच ना. मला रक्त आहे की नाही ते बघायचं आहे, लग्नाचा फोटो नाही काढायचा."

"आणि सहा तासांनी परत स्कॅन?"

"पोरगी शुद्धीवर आली, उलटी थांबली, तर कशाला? ते तर तुमचाच नियम छे ने, सहा तासांनी परत काढायचा?"

"आमचा?" ललितचा आवाज खाली गेला. "मी समजत होतो तुमचा."

डॉक्टर काहीतरी पुटपुटत पोरीला वॉर्डात न्यायला सांगून गेले. चंचल जाताना भगवंतरावांच्या पायाशी वाकली. त्यांनी पाय मागे ओढला तो खुर्चीवर आपटला. तिला वाटलं संकोच.

खोलीत दोघेच उरले.

"सर," ललित हळूच म्हणाला, "इथे महिन्याला सत्तर-ऐंशी डोकी होतात. मोटारसायकलवाले, लूमवर पडलेले. पंधरा-वीस तर पोरे असतात. मी सात वर्षं इथे आहे."

भगवंतरावांनी मनात गुणाकार केला. बाराशे ते सोळाशे पोरं. आणि सहा तासांनी परत.

"आणि कार्ड एकट्या माझ्याकडे नाही. कामरेजला आनंदाकडे आहे. हजीऱ्याच्या रस्त्यावर रुक्मिणी बसते, तिच्याकडे आहे. वराछाला, नवसारीला, व्याऱ्याला. मीच झेरॉक्स करून दिली, सर. नवीन पोरगा लागला की पहिली भेट म्हणून कार्ड द्यायचे. आमचा रिवाजच आहे तो." त्याचे डोळे भरून आले होते. "आम्ही चूक केली का?"

भगवंतराव खुर्चीतून उठले. बाहेर येऊन ते रस्त्यावर उभे राहिले. समोरून शाळेची व्हॅन गेली, पोरांनी खिडकीतून हात बाहेर काढलेले. भगवंतराव त्या पोरांच्या डोक्यांकडे बघत राहिले. यांतल्या कुणाला कधी काही झालंच, तर ते या कार्डामुळे झालं हे कुणाला कधीच कळणार नव्हतं. आई-बापांना नाही, डॉक्टरांना नाही, त्यांनाही नाही. हे जास्त भयंकर होतं. मोजायलाच काही नव्हतं.

घरी आल्या आल्या त्यांनी शिडी लावून ट्रंक खाली काढली.

वही सापडली. ते पानही सापडलं: 'डोके, मार लागलेला. ४००. कमी करू नये.' पान तिथेच संपलं होतं. त्यांनी पान उलटलं. पुढच्या पानाच्या डोक्यावर, त्यांच्याच अक्षरात, अर्धी ओळ होती: 'नवी नळी बसेपर्यंत.'

भगवंतराव खाली ट्रंकेवरच बसले. सगळं लख्ख आठवलं. २००६ साल. पुरानंतर मशीनची नळी थकली होती, किरणं क्षीण पडत, चित्रं भुरकट येत. नवी नळी यायला तीन महिने होते, म्हणून अडीचशेचा आकडा चारशेवर नेला होता. तात्पुरता. पोरांनी एकच पान उतरवून घेतलं. अर्धी ओळ पलीकडे राहिली.

छातीवरचा दगड उतरल्यासारखं झालं. त्यांनी तिथल्या तिथे कागद ओढला आणि झरझर लिहिलं: 'प्रिय विशाखा, मी अट स्पष्ट लिहिली होती. विद्यार्थ्यांनी अर्धंच उतरवलं...' इतकं सुंदर, निर्दोष वाक्य त्यांना चौदा महिन्यांत सुचलं नव्हतं.

मग पेन थांबलं.

नळी आली होती. जानेवारी २००७. त्यानंतर सहा वर्षं, निवृत्त होईपर्यंत, दर वर्षी नव्या तुकडीला त्यांनी हेच पान वाचून दाखवलं होतं आणि पान संपलं की वही मिटली होती. पान उलटायला त्यांचा हात कुणी धरला होता? आणि मशीनवर? नवी नळी बसल्यावर पहिल्याच दिवशी चारशेवर काढलेलं चित्र बघून मोठे सर्जन म्हणाले होते, "भगवंतभाई, आ तो आरसो छे!" चार माणसांत म्हणाले होते. पाठीवर हात ठेवून. आयुष्यभर कोपऱ्यात उभ्या राहिलेल्या माणसाच्या पाठीवर कुणी असा हात ठेवला नव्हता. आकडा परत अडीचशेवर आणायचा होता हे त्यांना तेव्हा ठाऊक होतं. त्यांनी आणला नाही. आज, उद्या, करत विसरलं गेलं, आणि विसरल्यावर ते ज्ञान झालं.

त्यांना स्वतःचीच भीती वाटली. आपण चुकलो असू, ही शंका त्यांनी जन्मभर बाळगली होती. बोलण्यात चुकलो असू, शुद्धलेखनात चुकलो असू. जिथे खरंच चुकले तिथे मात्र कधी शंका आली नाही.

लिहिलेला कागद त्यांनी फाडला. दुसरा घेतला. या वेळी शब्दकोश उघडला नाही.

"चि. विशाखा, जय भीम. तुझ्या पत्राला चौदा महिने उत्तर दिलं नाही, त्याला क्षमा मागायला मी लायक नाही. चारशे हा आकडा माझा आहे आणि तो चुकीचा आहे. २००६ साली थकलेल्या नळीसाठी तो तीन महिने वाढवला होता. नवी नळी आल्यावर कमी करायला हवा हे मला माहीत होतं. चित्र चांगलं येतं म्हणून लोक माझं कौतुक करत, त्यासाठी मी तो कमी केला नाही, आणि सहा वर्षं वर्गात तोच शिकवला. किरणांचं पान पुसायलाही मीच शिकवलं. विद्यार्थ्यांचा दोष नाही. ज्यांच्याकडे माझं कार्ड असेल त्यांना हे पत्र दाखव आणि कार्ड उतरवायला सांग. मशीनचा लहान मुलांचा तक्ता बंद करू नये, आणि प्रत्येक मशीनचा आकडा तुझ्यासारख्या जाणत्या माणसाने तपासून ठरवावा. कामरेजला आनंदाकडे, हजीऱ्याला रुक्मिणीकडे मी स्वतः जातो. बाकी ठिकाणची नावं ललित देईल. माझं नाव लपवू नकोस. भगवंत."

पुन्हा वाचलं. दोन ठिकाणी वाक्यरचना ढिली वाटली. राहू दिली.

सकाळी चंचल सांगून गेली की चैताली उठली, बिस्कीट मागतेय. भगवंतरावांनी तिला "बरं झालं" एवढंच म्हटलं. तिला सगळं सांगायचं होतं, ते पोर घरी आल्यावर, सुपडूच्या समोर. तेही त्यांनी मनाशी ठरवून टाकलं होतं.

पत्राच्या त्यांनी दहा झेरॉक्स काढल्या, पिशवीत ठेवल्या आणि मूळ पत्र पाकिटात घालून टपाल कचेरी गाठली. खिडकीवरच्या बाईने पाकीट वजनावर टाकलं.

"स्पीड पोस्ट के सादी?"

"जे लवकर जाईल ते."

तिने शिक्का मारला आणि पाकीट मागच्या पोत्यात टाकलं. भगवंतराव पोत्याकडे बघत क्षणभर उभे राहिले. मग पिशवी खांद्याला लावून कामरेजच्या बसची चौकशी करायला निघाले.